घरखर्चाची वही : लेकीला विमान चालवायचंय, पैसे किती लागतील?



साताऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगी दहावीत आहे आणि तिला वायुसेनेत वैमानिक व्हायचंय. यजमान म्हणतात, ‘मग काय, घर गहाण टाकू?’ त्यातच अमेरिकेतल्या दिरांनी फोनवर सांगितलं की तिकडच्या लष्करात पदवी नसली तरी ‘वॉरंट ऑफिसर’ म्हणून हेलिकॉप्टर शिकायला घेतात, आपल्याकडेही असेल तसंच. तिकडचं खरं आहे हो, पण इकडे तसं नाही. आपल्या वायुसेनेत वॉरंट ऑफिसर हा हुद्दा आहे, मात्र तो वैमानिकाचा नव्हे. इथे विमान हाती येतं ते अधिकाऱ्याच्याच.

आता पैशाचं. घर गहाण टाकायची वेळ येते ती खासगी संस्थेत वैमानिकाचा परवाना काढताना. वायुसेनेत शिकवण्याचा खर्च सरकारचा. उलट हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत शिकताना वर्षभर दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. अधिकारी झाल्यावर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन तेवढंच, वर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि उड्डाण भत्ता. महागाई भत्ता निराळा.

बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएतून जायचं, तर तिथल्या तीन वर्षांत पगार नसतो. (मुलींना हे दार २०२२ मध्ये उघडलं.) राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सरकारकडून, पण सुरुवातीची अनामत आणि महिन्याचा साधारण तीन हजारांपर्यंतचा हातखर्च आपला. तेवढी तजवीज आतापासून रिकरिंगमध्ये टाकून ठेवा. आणखी एक गोष्ट यजमानांना जरूर वाचून दाखवा : प्रशिक्षण मध्येच स्वतःच्या मर्जीने सोडलं, तर झालेला खर्च भरून द्यावा लागतो. तेव्हा मुलीची हौस आहे की निश्चय, हे सही करण्याआधीच पारखा.

खरी अडचण पैशाची नाहीच, तयारीची आहे, आणि ती अकरावीच्या फॉर्मपासून सुरू होते. गणित आणि पदार्थविज्ञान हे दोन्ही विषय हवेतच. ‘मुलीला जड जाईल’ म्हणून गणित सोडवलंत तर हा रस्ता तिथेच बंद. पदवीनंतरच्या एएफसीएटी परीक्षेलासुद्धा बारावीत या दोन्ही विषयांत प्रत्येकी निदान ५० टक्के मागतात, शिवाय पदवीला ६०. वयही २० ते २४ मध्येच बसावं लागतं. त्यामुळे ‘आधी लग्नाचं बघू, मग परीक्षा’ हा हिशेब इथे चालत नाही.

क्लासची फी भरण्याआधी घरात फूटपट्टी घ्या. उंची किमान १६२.५ सें.मी. लागते, पायांची लांबीसुद्धा मोजतात, कारण कॉकपिटमध्ये पाय पेडलपर्यंत पोचायला हवेत! डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर आणि रंगांची पारख तपासून घ्या. दृष्टीचे सर्वांत कडक नियम याच शाखेला आहेत. शेजारणीच्या मुलाने दोन वर्षं क्लास केला आणि नंतर कळलं की त्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत, असं होऊ देऊ नका.

निवड मंडळाची मुलाखत चार-पाच दिवस चालते. पहिल्यांदाच जात असेल तर प्रवासभाडं परत मिळतं, तिकिटं जपून ठेवायला सांगा. तिथेच यंत्रावरची वैमानिक चाचणी होते. हात, पाय, डोळे एकाच वेळी किती जुळतात ते त्यात पाहतात. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. त्यामुळे लेक तापातून उठली असेल, जागरणं झाली असतील, तर नुसतं ‘बघून ये’ म्हणून पाठवू नका. पुढची तारीख मागता येते का ते आधी विचारा.

आणि हो, नाशिकला २०२३ पासून राज्य सरकारची मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली आहे. अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी तिथे करून घेतात. प्रवेश परीक्षा दहावीतल्या मुलींसाठी असते, म्हणून साताऱ्याच्या ताईंनी या आठवड्यातच चौकशी करावी.