ड्राइव्हवेच्या तोंडाशी पडलेला बांध

घरच्या ड्राइव्हवेसाठी स्नो ब्लोअर निवडताना आधी वजनाचा हिशेब करावा लागतो. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे सहा मीटर रुंद आणि बारा मीटर लांब धरला आणि रात्रीतून वीस सेंटिमीटर बर्फ पडला, तर सकाळी दाराशी १४ घनमीटरांहून थोडा अधिक बर्फ साचलेला असतो. ताजा, रव्यासारखा मोकळा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे एकूण वजन सुमारे १,४०० किलो. तापमान शून्याजवळ असताना पडलेला ओला बर्फ भिजलेल्या साबुदाण्यासारखा एकमेकाला धरून बसतो, आणि त्याचे वजन सहज दुप्पट होते. फावड्याच्या एका खेपेला पाच किलो उचलले, तर कोरड्या बर्फालाच जवळजवळ तीनशे खेपा लागतात.

हे काम रिकाम्या पोटी, थंडीत आणि कामावर निघायच्या घाईत होते. क्वेबेक प्रांतातील १९८१ ते २०१४ या काळातील रुग्णालयांच्या नोंदींचा एक अभ्यास कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता पुरुषांमध्ये १६ टक्क्यांनी आणि त्याने मृत्यू होण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. बर्फ काढायला घरातले पुरुषच बहुधा बाहेर पडतात, हे त्याचे एक कारण असावे, असे अभ्यासकांचे मत. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले सत्तरीचे आजोबा ‘तेवढाच व्यायाम’ म्हणून फावडे हातात घेतात, तेव्हा त्यांना थांबवणे यंत्र निवडण्याहून अवघड असते. पण थांबवलेच पाहिजे.

ड्राइव्हवेवरचा बर्फ तरी सरळ असतो. खरी अडचण ड्राइव्हवेच्या तोंडाशी येते. नगरपालिकेचा नांगर रस्ता मोकळा करत जातो, तेव्हा रस्त्यावरचा बर्फ कडेला ढकलला जाऊन प्रत्येक घरासमोर एक बांध पडतो. इंग्रजीत त्याला विंड्रो म्हणतात. तो शब्दही मूळचा शेतातलाच, कापून ओळीत लावलेल्या गवताचा. या बांधातला बर्फ दाबलेला, मिठाने अर्धवट विरघळून पुन्हा गोठलेला आणि मध्येमध्ये गोटे झालेला असतो. घनमीटरला तीनशे-चारशे किलो हे त्याच्या बाबतीत नवल नाही. टोरांटो शहरात जिथे यंत्र फिरू शकते तिथे नगरपालिका हा बांध फोडून एका गाडीपुरती वाट करून देते. इतर बऱ्याच गावांत तो घरमालकाच्याच वाट्याला येतो.

यंत्र घेताना ड्राइव्हवेपेक्षा हा बांध डोळ्यांपुढे ठेवावा. बहुतेक ग्राहक नेमके उलटे करतात. दुकानात जाऊन ड्राइव्हवेची लांबी-रुंदी सांगतात, विक्रेता त्या मापाचे यंत्र दाखवतो, आणि डिसेंबरभर ते छान चालते. जानेवारीत पहिला मोठा बांध पडला की यंत्र त्यावर चढू पाहते, घरघरते आणि बंद पडते. मग पुन्हा फावडेच.

घरगुती यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका टप्प्याच्या यंत्रात ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखी पाती असलेला आडवा दंड, बर्फ ओढतो आणि तोच तो वरच्या वाकड्या नळीतून बाहेर फेकतो. पात्यांची रबरी कड जमिनीला घासत जाते, त्यामुळे डांबर काळेभोर दिसेपर्यंत सफाई होते. यंत्र हलके, गॅरेजच्या कोपऱ्यात मावणारे आणि साधारण १८ ते २२ इंच रुंदीचे असते. पंधरा-वीस सेंटिमीटर ताज्या बर्फापर्यंत ते उत्तम. (कॅनडात रेडिओवर बर्फ सेंटिमीटरमध्ये पडतो आणि दुकानात यंत्र इंचांत विकले जाते, त्याला इलाज नाही.) ते पुढे सरकते तेही पात्यांच्या जमिनीवरील पकडीने, चाकांना जोर नसतो. घट्ट बांधासमोर म्हणूनच ते हतबल होते.

दोन टप्प्यांच्या यंत्रात कामाची वाटणी असते. पुढचा पोलादी ऑगर संथ फिरत बर्फ फोडतो आणि मधोमध आणतो. त्यामागचा वेगवान पंखा तो नळीतून दूर उडवतो. बर्फ गोळा करणे वेगळे आणि फेकणे वेगळे, ही कल्पना जुनी आहे. क्वेबेकचे आर्तूर सिकार यांनी १९२५ मध्ये ट्रकवर बसवलेले असे यंत्र तयार केले, आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँ गावाने ते विकत घेतले. आजच्या घरगुती यंत्रात चाकांना इंजिनाची गती मिळते, पुढे-मागे जाण्यासाठी अनेक वेग असतात, आणि २४ ते ३० इंच रुंदीचे तोंड गुडघाभर बर्फ घेऊ शकते. वजन मात्र शंभर किलोच्या घरात जाते. वळवताना एका चाकाची गती तोडणारी कळ दांड्यावर आहे का, हे दुकानातच पाहावे. ती नसेल तर प्रत्येक वळणाला यंत्राशी कुस्ती होते. तीन टप्प्यांची यंत्रेही मिळतात. त्यांत मधोमध आणखी एक वेगाने फिरणारे मळसूत्र असते. मैदानासारखे लांब ड्राइव्हवे सोडले तर घरासाठी त्यांची गरज क्वचितच पडते.

जमीन कशी आहे, यावरही निवड ठरते. खडीच्या ड्राइव्हवेवर एका टप्प्याचे यंत्र चालवूच नये, कारण जमिनीला घासणारी पाती खडे उचलतात आणि ते शेजारच्या गाडीच्या काचेवर जातात. दोन टप्प्यांच्या यंत्राचा ऑगर जमिनीपासून किंचित वर राहतो; दोन बाजूंच्या घसरपट्ट्या खालीवर करून ही उंची ठरवता येते. खडीवर ती इंचभर ठेवावी. फरसबंदीच्या विटांवर पोलादी घसरपट्ट्यांचे ओरखडे उठतात, तिथे प्लास्टिकच्या लावाव्यात.

यंत्र वायरवर चालणारे, बॅटरीचे की पेट्रोलचे, हा वाद सध्या प्रत्येक गेट-टुगेदरमध्ये रंगतो. वायरच्या यंत्राची मर्यादा भिंतीतच आहे. १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरच्या जोडणीतून जास्तीत जास्त १,८०० वॅट मिळतात. यंत्र कितीही देखणे असले तरी त्यापुढे जाऊ शकत नाही. टाउनहाउसच्या एका गाडीपुरत्या ड्राइव्हवेला आणि डेकला ते पुरते, शिवाय स्वस्त पडते. बॅटरीच्या यंत्राचा हिशेबही सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ५६ व्होल्टची १० अँपिअर-तासांची बॅटरी ५६० वॅट-तास देते. ओल्या बर्फात यंत्र १,५०० वॅट खेचू लागले की ती वीस-बावीस मिनिटांत संपते, आणि थंडीने त्यातलीही काही मिनिटे जातात. बॅटरी घरात उबेत ठेवावी आणि वापरताना लावावी. शून्याखालच्या तापमानात लिथियम बॅटरी चार्ज केल्यास ती कायमची खराब होऊ शकते. हे पथ्य पाळले, तर मध्यम ड्राइव्हवेला आजची बॅटरीची यंत्रे खरोखर पुरी पडतात. पहाटे पाचला शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.

पेट्रोलच्या यंत्राला वेळेची मर्यादा नाही, आणि बांध फोडण्यात आजही तेच पुढे आहे. अश्वशक्तीचे आकडे आता फारसे छापत नाहीत. इंजिनाचे घनफळ पाहावे. दोन टप्प्यांच्या यंत्रात २०० ते २५० घनसेंटिमीटरचे इंजिन शहरी घराला पुरते. त्याहून मोठ्या इंजिनासाठी पैसे घालण्यापेक्षा भिंतीतल्या वीजजोडणीवर सुरू होणारा स्टार्टर, दिवा आणि चालवताना नळीची दिशा बदलणारी कळ यांसाठी घालावेत. पेट्रोलचे यंत्र बंद गॅरेजमध्ये क्षणभरही चालू ठेवू नये. गॅरेजचे दार उघडे असले तरी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही.

गावागावांतला फरकही मोठा आहे. टोरांटोच्या विमानतळावर वर्षाला सरासरी सुमारे ११० सेंटिमीटर बर्फ पडतो. ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला असलेल्या बफेलोत त्याच्या दुपटीहून अधिक, कारण पश्चिमेचा वारा त्या सरोवराची वाफ उचलून तिथे आणून ओततो. पण सरासरी फसवी असते. जानेवारी १९९९ मध्ये टोरांटोत एका महिन्यात वर्षभराचा बर्फ पडला, आणि महापौर मेल लास्टमन यांनी सैन्य बोलावले. बाकीच्या कॅनडाला आजतागायत पुरलेला तो विनोद आहे. टोरांटोभोवतीच्या मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, मिल्टनमधल्या दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेला २४ इंचांचे दोन टप्प्यांचे यंत्र पुरेसे आहे. त्याहून रुंद यंत्र काम दहा मिनिटांनी कमी करते आणि गॅरेजमधली जागा बाराही महिने अडवते.

उडवलेला बर्फ कुठे पडणार, हेही घेण्यापूर्वी पाहावे. नव्या वस्त्यांत दोन घरांमधली पट्टी दोन हात रुंद असते, आणि शेजाऱ्याने नुकताच साफ केलेला ड्राइव्हवे नळीच्या टप्प्यात येतो. रस्त्यावर बर्फ उडवायला ऑन्टारिओच्या वाहतूक कायद्यानेच मनाई आहे. मधल्या रेषेपासून सुरुवात करून अर्धा बर्फ डावीकडे आणि अर्धा उजवीकडे, वाऱ्याची दिशा पाहून टाकणे सोयीचे पडते.

ओला बर्फ नळीत तुंबतो, आणि नेमके तेव्हाच बोटे जातात. इंजिन बंद केल्यावरही अडकलेल्या पंख्यात ताण उरलेला असू शकतो. अडथळा निघताच तो फिरतो. हातमोज्याने काही वाचत नाही. नळी मोकळी करायला यंत्रावरच एक काठी अडकवलेली असते, तीच वापरावी. बांधात दडलेला दगड किंवा वर्तमानपत्राचा गठ्ठा ऑगरमध्ये आला, तर शेअर पिन मोडते आणि गिअरबॉक्स वाचतो. ती मोडण्यासाठीच बसवलेली असते. हाताशी असलेला कडक बोल्ट तिथे घातला, तर दोन-तीन डॉलरच्या पिनेऐवजी गिअरबॉक्स मोडतो. चार पिना खिळ्याला टांगून ठेवाव्यात.

पेट्रोलच्या यंत्रातले बहुतेक बिघाड हिवाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात तयार होतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सहा महिने टाकीत राहिले की ओल धरते आणि कार्बोरेटर चिकटवून टाकते. एप्रिलमध्ये टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, आणि तेलही तेव्हाच बदलावे. दुरुस्तीवाल्यांकडे नोव्हेंबरअखेर रांग लागते. ज्यांना यंदा नवे यंत्र घ्यायचे आहे, त्यांनी नवरात्रातच दुकान गाठावे. पहिल्या वादळानंतर तिथे फावडीच उरलेली असतात.