उष्टावणानंतरची वाटी

उष्टावणाचे फोटो सगळेच काढतात. दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या वाटीत काय घालायचं, ही काळजी मात्र एकट्या आईच्या वाट्याला येते. ती घरादाराची व्हावी, म्हणून या अंकाची सुरुवात आम्ही नाचणीच्या सत्त्वाने करत आहोत.

कृती जुनीच. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग सावलीत वाळवून, हलकी भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. यातलं खरं शहाणपण मोडांत आहे. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे तुकडे करतं. त्यामुळे पीठ थोडं जास्त घातलं तरी खिरीचा गोळा होत नाही आणि इवल्याशा पोटात तेवढ्याच चमच्यांतून अधिक ऊर्जा जाते. शिवाय 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही जात नाहीत.

हे सगळं 6 महिने पूर्ण झाल्यावर. तोवर फक्त आईचं दूध. वर्षाच्या आत मीठ-साखर नको. मध तर बोटभरही नको, त्यातून बोटुलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो. आजीला हे प्रेमाने, पण ठामपणे सांगा.

येत्या रविवारी पाव किलो नाचणी आणा. निवडायला मोठ्या भावंडाला बसवा, भाजायला बाबांना उभं करा. आणि डब्यावर दळल्याची तारीख लिहायला विसरू नका.