तो आवाज कशाचा?

मागच्या रविवारी आमच्या चाळीत एका जुन्या कॅसेटवरून वाद झाला. वाद तसा गोडच होता, पण चहा दोनदा करावा लागला. कॅसेट १९८४ सालची. आमच्या नात्यातल्या एका मंगल परिणयात रात्री गायन पार्टी बसली होती. तेव्हा कोणीतरी टेपरेकॉर्डर सतरंजीवर ठेवून बटण दाबून दिले होते. पेटी आहे, ढोलकी आहे, झांज आहे, मध्येच कोणाचे तरी पोर रडते आहे, कोणीतरी "पाणी आणा रे" म्हणून ओरडतो आहे. आणि या सगळ्याच्या खाली एक तार सारखी वाजते आहे. टणं टणं, टणं टणं. तुणतुण्यापेक्षा जाड, बेंजोपेक्षा मऊ.

थोरले चुलते म्हणाले, "तुणतुणेच आहे." धाकटे म्हणाले, "हट्, किंगरी आहे ती." पोरांना दोन्ही शब्द नवे. शेवटी मोबाईल दुरुस्तीचे काम शिकणारा शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, असाच वाद अमेरिकेत पन्नास वर्षे चालला. ऐकवू का?"

त्याने मोबाईलवर लावले ते गाणे शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीवरचे. खरखर बरीच. पण त्या खरखरीतून एका पुरुषाचा शांत आवाज आला. ओरडणे नाही, आळवणे नाही. ओट्यावर बसून बोलावे तसे गाणे. आणि त्याच्याभोवती तारांची अशी रिमझिम की तांदूळ निवडत बसलेल्या आत्याबाईंचा हात थांबला. कोणी स्वरमंडळ छेडावे तसे वाटते, पण स्वरमंडळात एवढी चाल वाजत नाही. बारीक घंटांसारखे वाटते, पण घंटांना खर्ज नसतो. इथे खर्ज आणि चाल दोन्ही एकाच वेळी चालली होती. वाजवणारा मात्र एकच, आणि तोच गाणाराही.

गाणाऱ्याचे नाव वॉशिंग्टन फिलिप्स. त्याच्याबद्दल गेल्या आठवडाभरात जे वाचले, ऐकले, ते वाचकांपुढे ठेवतो. आम्ही संगीतातले जाणकार नाही. पण ही गोष्ट नुसती संगीताची नाही.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात फ्रीस्टोन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. तिथे ११ जानेवारी १८८० रोजी हा मनुष्य जन्मला. टेक्सासमधील काळ्या लोकांची गुलामगिरी १८६५ च्या जूनमध्ये संपली होती, म्हणजे त्याच्या जन्माआधी अवघी पंधरा वर्षे. पूर्ण नाव जॉर्ज वॉशिंग्टन फिलिप्स. लोक म्हणत 'वॉश'. टीग या लहान गावाजवळ सिम्सबरो येथे थोडी शेती होती. खेचराच्या गाडीवर माल घालून तो विकत हिंडे. चर्चमध्ये उपदेश करी, पण चर्चने नेमलेला, पदवीचा पाद्री नव्हे. कोणी बोलावले तर जाऊन चार शब्द सांगणारा.

त्या काळी रेकॉर्ड कंपन्या आपले यंत्र घेऊन गावोगाव फिरत आणि स्थानिक गाणारे गाठून तबकड्या भरून नेत. कोलंबिया कंपनीचा फ्रँक वॉकर डॅलस शहरात आला, तेव्हा फिलिप्स तिथे जाऊन गायला. १९२७, १९२८ आणि १९२९, तिन्ही वर्षी डिसेंबर महिन्यात. एकूण अठरा गाणी भरली, त्यांतली सोळा आज ऐकायला मिळतात. पहिल्या तबकडीच्या आठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. एका शेतकऱ्याच्या भक्तिगीतांसाठी ही खपाची गोष्ट लहान नव्हे. पण १९२९ च्या शेवटी अमेरिकेत मंदी आली, रेकॉर्डचा धंदा बसला, आणि फिलिप्स पुन्हा कधी तबकडीवर आला नाही.

त्याच्या एका गाण्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात तो ख्रिस्ती लोकांमधल्या पंथापंथांची भांडणे एकेक करून मोजतो. हे असे म्हणतात, ते तसे म्हणतात, आणि पैशावर डोळा ठेवणाऱ्या उपदेशकांची तर तो चांगलीच खरड काढतो. गटातटांचे दुखणे आम्हाला नवे नाही, त्यामुळे चाळीत हे ऐकून बरेच हसू झाले. त्याच गाण्यात कॉलेजात शिकलेल्यांनाही त्याने टोमणा मारला आहे. तो मात्र आम्हाला पटला नाही आणि तसे आम्ही तिथल्या तिथे बोलूनही दाखवले. राय कूडर या गोऱ्या गायकाने १९७२ साली हेच गाणे आपल्या रेकॉर्डवर घेतले, तेव्हा जुन्या तबकड्यांच्या शौकिनांबाहेरही फिलिप्सचे नाव गेले.

आता मुख्य भानगड. तबकडीच्या लेबलवर कंपनीने गाण्याचे नाव छापले, गाणाऱ्याचे छापले. वाद्याचे नाव छापले नाही. तेव्हा कोणाचे काही अडले नाही. अडले ते तीस-पस्तीस वर्षांनी, जुन्या तबकड्या जमवणारे शौकीन कान देऊन ऐकू लागले तेव्हा. हे वाजते आहे तरी काय?

फ्रँक वॉकर तेव्हा हयात होता. १९६० च्या दशकात त्याने सांगितले की, ते वाद्य त्या माणसाने स्वतःच बनवलेले होते आणि त्याच्याशिवाय जगात कोणालाही ते वाजवता आले नसते. समोर बसून ज्याने रेकॉर्डिंग केले त्याची ही साक्ष. पण शौकिनांचे समाधान झाले नाही. घरी बनवलेले म्हणजे नाव नाही, कारखाना नाही, नमुना नाही, मग यादीत लिहायचे काय? म्हणून त्यांनी एक नाव शोधले : डॉल्सिओला.

डॉल्सिओला हे कारखान्यात बनणारे वाद्य होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ओहायो राज्यातील टोलेडो शहरात ते तयार होत असे. आपला बेंजो डोळ्यापुढे आणा. जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीत असतो ना, टाइपरायटरसारखी बटणे असलेला, तो. डॉल्सिओलात बटणांच्या जागी पियानोच्या छोट्या पट्ट्या असतात आणि पट्टी दाबली की लहानशी हातोडी तारेवर पडते. (जाता जाता सांगतो, आपला बेंजो हा अमेरिकेतला बँजो नव्हेच. खरा बँजो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी तिकडे घडवला. आपल्याकडचा बेंजो हा बुलबुलतरंग. तो १९१२ साली जपानच्या नागोया शहरात निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यावरून आला. नाव एकाचे आणि वाद्य दुसरे, असे नेहमीच चालते.)

डॉल्सिओला हे नाव एकदा छापले गेले आणि मग तेच पुढे चालू राहिले. रेकॉर्डच्या पाकिटांवर तेच, पुस्तकांत तेच. ज्यांना ऐकू येत होते त्यांची मात्र कुरकुर चालूच होती. हातोडी पडली की तारेचा आवाज ठक् करून निघतो. फिलिप्सच्या तारा तशा वाजत नाहीत. त्या बोटांनी छेडल्यासारख्या वाजतात. एका हाताने खर्जाचे झंकार, दुसऱ्या हाताने चाल. शिवाय त्या काळचा एक फोटो होता. त्यात फिलिप्स सुटाबुटात उभा आहे आणि त्याच्याजवळ स्वरमंडळाच्या जातीची दोन तारवाद्ये आहेत. डॉल्सिओला नाही. मग एक पक्ष म्हणू लागला, ती दोन वाद्ये समोर ठेवून तो दोन्ही हातांनी एकदम वाजवीत असे. दुसरा पक्ष डॉल्सिओला सोडायला तयार नव्हता. भांडणे चालू राहिली.

या भांडणात माणसाचे काय झाले, ते ऐका. फिलिप्सचे चरित्र लिहायला निघालेल्यांनी सरकारी दप्तरे चाळली. त्यांना मृत्यूचा एक दाखला सापडला. जॉर्ज वॉशिंग्टन फिलिप्स, ऑस्टिन शहरातील वेड्यांच्या सरकारी इस्पितळात दाखल, क्षयाने १९३८ मध्ये मृत्यू. झाले! देवाची इतकी शांत गाणी गाणारा मनुष्य वेडा होऊन मेला, ही कथा छापली गेली. लोकांनी ती वाचून हळहळ केली. ती गाण्यांना शोभूनही दिसत होती.

२००२ साली टेक्सासमधल्या मायकेल कॉर्कोरन या पत्रकाराने एक साधी गोष्ट केली. तो टीग आणि सिम्सबरोला गेला आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले. त्यांना वॉश फिलिप्स चांगला आठवत होता. पेटीवर तारा लावून वाजवणारा, खेचराची गाडी हाकणारा. आणि तो १९३८ नंतरही कितीतरी वर्षे त्यांच्यात वावरत होता. इस्पितळात मेलेला तो दुसराच. नाव एक, माणसे दोन. आपल्याकडे एकेका वस्तीत चार-चार सिद्धार्थ आणि दोन-दोन भीमराव निघतात. त्यातल्या एकाच्या आजारपणाचा कागद दुसऱ्याच्या नावाला चिकटवला तर कसे व्हायचे? तिकडे दास्यातून सुटलेल्यांच्या घरांत वॉशिंग्टन हे नाव असेच घरोघर होते. दप्तर पाहणाऱ्याला ते एकच वाटले.

खरा फिलिप्स २० सप्टेंबर १९५४ रोजी टीग येथे वारला. वय चौऱ्याहत्तर. गरिबांना मदत देणाऱ्या सरकारी कचेरीच्या जिन्यावरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला होता. आम्हाला ही ओळ वाचून वेड्यांच्या इस्पितळाच्या कथेपेक्षा जास्त वाईट वाटले. असे जिने आम्ही चढलो आहोत.

आणि वाद्य? त्याचा उलगडाही गावातच होता. कॉर्कोरनने पुढे शोध चालू ठेवला आणि टीगच्या स्थानिक वर्तमानपत्रातली १९०७ सालची बातमी उजेडात आली. म्हणजे कंपनीचे यंत्र येण्याच्या वीस वर्षे आधीची. बातमीत लिहिले होते की, फिलिप्सने सुमारे दोन फूट रुंद, तीन फूट लांब आणि सहा इंच खोल अशी एक पेटी केली आहे, तिच्यावर व्हायोलिनच्या तारा ताणल्या आहेत, आणि दोन्ही हातांनी तो तिच्यावर हव्या त्या चाली वाजवतो. त्या वाद्याला त्याने स्वतः नावही दिले होते. मॅन्झरीन.

२०१६ साली अटलांटाच्या एका कंपनीने त्याची सर्व उपलब्ध गाणी पुस्तकासह काढली, तेव्हा नावातच मॅन्झरीन घातले. तबकडीवर वाजते ती हीच १९०७ ची पेटी, की फोटोतली दोन वाद्ये, यावर शौकिनांत अजून दोन मते आहेत. असू द्यात. आम्ही थांबलो ते दुसऱ्याच जागी. त्या माणसाने वाद्य बनवले, त्याला नाव दिले, गावच्या पत्राने ते छापले, समोर बसलेल्या वॉकरनेही "त्याने स्वतः बनवले" असे सांगितले. तरी सगळ्यांना कारखान्याचे नाव अधिक खरे वाटले. खेचरगाडीवाला काळा शेतकरी असे वाद्य घडवील आणि त्याचे बारसेही करील, हे कोणाच्या मनातच आले नाही. १९०७ च्या कागदाने सांगितले तेव्हा मानले.

एवढे ऐकून झाल्यावर आत्याबाईंनी तांदळाचे ताट खाली ठेवले. म्हणाल्या, "तुम्ही दोघे भाऊ मघापासून भांडताय. मला कोणी विचारले का?" कोणीच विचारले नव्हते. त्या रात्री त्या पार्टीच्या जेवणाची वाढणी त्यांनीच केली होती. त्यांनी सांगितले, ती किंगरी नव्हे आणि बाजारातले तुणतुणेही नव्हे. डालड्याचा मोठा डबा, तळ कापून कातडे ताणलेला, वर बांबू, आणि तार सायकलच्या ब्रेकची. वाजवणारे गिरणीत साचेवाले होते. संप लागल्यावर बसून होते, तेव्हा त्यांनी तो डबा केला. "आमची भुकेची तार" म्हणायचे ते त्याला, हसत हसत.

चुलत्यांनी विचारले, "नाव काय त्यांचे?" आत्याबाई बराच वेळ आठवत राहिल्या. "सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आडनाव... शेजारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. बायको शांताबाई होती बहुतेक."

पोराने कॅसेटच्या आतला कागद काढला आणि बॉलपेनने लिहिले : तार : मास्तर, साचेवाले, डालड्याचा डबा, भुकेची तार. आडनावासाठी जागा सोडली. शेजारच्या त्या चाळीतली जुनी माणसे आता विरार, बदलापूर, कळवा अशी पांगली आहेत. त्यातल्या दोघांचे पत्ते आत्याबाईंपाशी निघाले. येत्या रविवारी आम्ही कळव्याला जाणार आहोत. टेपरेकॉर्डर बरोबर नेऊ, कारण ढोलकी कोणाची, हेही अजून ठरायचे आहे.