टोलनाक्याची उघडी केबिन

तालुक्याच्या गावातला इंटरनेटवाला हा बहुतेक वेळा कालपरवाचा केबलवाला असतो. गच्चीवरच्या खोलीत डिशच्या रिसीव्हरांची जागा आता राउटरने घेतलीय, तोही बऱ्याचदा लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचा. कुणाला पन्नास एमबीपीएस, कुणाला शंभर, कुणाचं बिल थकलंय, सगळा हिशेब त्याच डब्यात. गिऱ्हाइकागणिक एक क्यू, म्हणजे वेगाची मर्यादा घातलेली रांग. रात्री मॅच रंगली की विनबॉक्सच्या, म्हणजे राउटर चालवायच्या मायक्रोटिकच्या प्रोग्रामच्या, पडद्यावर हिरव्या क्यू पिवळ्या होतात, पिवळ्या लाल, आणि मालकाची नजर तिथून हलत नाही.

माझी तक्रार या नजरेबद्दलच आहे. फायरवॉलमध्ये वाटा वेगवेगळ्या असतात. राउटरमधून पलीकडे जाणारी वाहतूक ‘फॉरवर्ड’ची, खुद्द राउटरशी बोलायला आलेली ‘इनपुट’ची. पैसे मिळतात ते फॉरवर्डवर. त्यामुळे टोलनाक्यावर एकेक गाडी मोजली जाते आणि केबिनचं दार सताड उघडं राहतं. घरगुती छोट्या राउटरमध्ये कंपनी निदान तयार नियम घालून देते. ऑपरेटरच्या मोठ्या राउटरला ते ज्याचे त्याने लिहायचे असतात.

२०१८ साली हे दार कुणीतरी ढकलून पाहिलं. विनबॉक्सच्या ८२९१ पोर्टमधल्या एका चुकीमुळे लॉगिन न करताच राउटरमधली पासवर्डांची फाइल वाचता येत होती. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. तरी ऑगस्टमध्ये ब्राझीलमधले हजारो राउटर वेबपानांत मोनेरो हे आभासी चलन खणणारा कोड घुसवताना सापडले. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपचा पंखा घरघरायचा, नाणी भलत्याच्या खिशात. २०२१ मध्ये ‘मेरिस’ बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, यांडेक्स या रशियन कंपनीवर सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्यांचा मारा केला. त्यातले बहुतेक राउटर २०१८ चेच जुने बळी, असं मायक्रोटिकने सांगितलं. भोक बुजवलं, पण चोरीला गेलेला पासवर्ड तोच ठेवला, तर दुसरं काय होणार?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे. ठीक आहे. पण इनपुटवर पहाराच नसलेल्याला घटना घडली हे कळणार कसं?

उपाय चार ओळींचा आहे: चालू जोडण्यांची उत्तरं येऊ द्या, आपल्या कारभाराच्या पत्त्यांना आत घ्या, गिऱ्हाइकांना लागणारं डीएनएससारखं तेवढं सोडा, बाकी सगळं ‘ड्रॉप’. तो होत नाही याचं कारण आळस नव्हे, भीती. नियम वरून खाली लागू होतात. ‘ड्रॉप’ चुकून वर गेला की आपणच बाहेर, आणि भर पावसात लॅपटॉप घेऊन गच्ची चढायची. पण विनबॉक्समध्ये ‘सेफ मोड’ आहे. तो चालू ठेवून नियम लिहिला आणि जोडणी तुटली, तर राउटर तेवढे बदल स्वतःच मागे घेतो. बटण खिडकीत वरच आहे, डाव्या कोपऱ्यात.