शिबिरातील नोंदवही कोणाची?

आयुर्वेद दिन २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस साजरा होत असे. २०२५ पासून त्यासाठी २३ सप्टेंबर हा दिवस निश्चित झाला आहे. त्या निमित्ताने, तसेच गणेशोत्सव मंडळे, सहकारी पतसंस्था, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या विनंतीवरून आपले अनेक वैद्यबंधू व भगिनी मोफत आरोग्य तपासणी शिबिरे भरवितात. रक्तदाब, रक्तशर्करा, अस्थिघनता, प्रकृतिपरीक्षण अशा तपासण्या तेथे होतात. या शिबिरांच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. आपल्याला मधुमेह आहे हे कित्येकांना प्रथम अशाच शिबिरात कळते. प्रस्तुत लेखाचा विषय शिबिराच्या प्रवेशद्वाराशी टेबलावर ठेवलेली नोंदवही हा आहे. तिच्यात काय लिहिले जाते, ती शिबिरानंतर कोठे जाते आणि तिच्यावर अधिकार कोणाचा, याचा विचार आपल्या व्यवसायात व्हावा तेवढा झालेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदवहीत नाव, वय, पत्ता व मोबाईल क्रमांक असतो. पुढच्या रकान्यात तक्रार आणि निदान असते. आयुर्वेदीय रुग्णपत्रक तर याहून कितीतरी खोलवर जाते. मल, मूत्र, निद्रा, रजःप्रवृत्ती, व्यसन, मनाची अवस्था, दांपत्यजीवन या सर्वांविषयी आपण प्रश्न विचारतो, कारण त्यावाचून निदान पूर्ण होत नाही. रक्तशर्करेचा एक आकडा उघड झाला तर रुग्णाचे जेवढे नुकसान होईल, त्याहून अधिक नुकसान आपल्या रुग्णपत्रकाचे एक पान उघड झाल्याने होऊ शकते. म्हणजेच इतर पद्धतींच्या तुलनेत आपल्यावरील जबाबदारी अधिक आहे, कमी नाही.

आता ही वही जाते कोठे, ते पाहू. पुष्कळ शिबिरांचा खर्च एखादी औषध कंपनी उचलते. यंत्र तिचे, तंत्रज्ञ तिचा, मंडपावरील फलकही तिचाच. शिबिर संपताना तिचा प्रतिनिधी वहीच्या पानांची छायाचित्रे मोबाईलवर काढून घेतो आणि आपण त्यास हरकत घेत नाही. पुढील आठवड्यापासून रुग्णांना दूरध्वनी सुरू होतात. आमच्या परिसरातील एका शिबिरानंतर असेच घडले. अपत्यप्राप्तीसाठी सल्ला घेण्यास आलेल्या एका विवाहितेने घरातील एकमेव मोबाईलचा क्रमांक दिला होता. तो तिच्या दिरापाशी असे. तीन दिवसांनी त्या क्रमांकावर एका कंपनीचा फोन आला आणि वंध्यत्वावरील औषधसंचाची माहिती दिराला ऐकविण्यात आली. त्या बाईने सासरी जी गोष्ट सांगितलीच नव्हती, ती एका अनोळखी आवाजाने सांगितली. ती पुन्हा त्या वैद्यांकडे गेली नाही. ती कोणाकडेच गेली नसेल, तर त्या शिबिराने तिचे हित केले की अहित?

असे प्रकार केवळ कंपन्यांमुळे होतात असे नाही. शिबिरात ध्वनिक्षेपकावरून रोगाच्या नावाने रांगा लावल्या जातात. शिरोधारा घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र त्याला न विचारता स्थानिक वृत्तपत्राकडे जाते. सोनोग्राफीचा अहवाल नावासह व्हॉट्सॲप गटावर टाकून ‘काय द्यावे?’ अशी पृच्छा केली जाते. हेतू शुद्ध असतो. परंतु गटातील दोनशे जणांपैकी त्या रुग्णाचा शेजारी कोणी नसेलच, याची हमी कोण देणार?

याविषयी शास्त्राचा आदेश संदिग्ध नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याला जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरातील वृत्तान्त बाहेर न नेण्याविषयी स्पष्ट आज्ञा आहे. रुग्णाचे आयुष्य क्षीण होत आले आहे हे वैद्याला कळले, तरी जेथे ते बोलल्याने रुग्णास किंवा इतरांस आघात पोहोचेल तेथे ते बोलू नये, असेही तेथेच सांगितले आहे. विशेष लक्षात घेण्याजोगे हे की, प्रकृती, विकृती, सार, संहनन इत्यादी दशविध परीक्षाही याच अध्यायात येते. रुग्णाचे कसे परीक्षण करावे आणि त्याचे गुपित कसे राखावे, हे दोन्ही एकाच अध्यायात आहे. आपण त्यातील एक भाग घ्यावा आणि दुसरा सोडून द्यावा, हे उचित नव्हे.

कायद्याची दिशाही हीच आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यापूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना संवेदनशील माहिती मानले होते. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य कर्तव्यांच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. ‘आमची वही कागदाची आहे, आम्हाला हा कायदा कसला लागू?’ असे काहींना वाटेल. परंतु कागदावर घेतलेली माहिती नंतर संगणकात भरली की ती या कायद्याच्या कक्षेत येते. संमती ही मुक्त, विशिष्ट उद्देशापुरती, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे, आणि तिच्यासाठीची सूचना इंग्रजीत किंवा मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय असावी, असे हा कायदा सांगतो. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न योजल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दवाखान्यावर एवढा दंड होईल असे भय घालण्याचा आमचा हेतू नाही. संसदेने या गोष्टीला किती गंभीर मानले आहे, एवढेच यावरून ध्यानी घ्यावे.

आयुष मंत्रालयाच्या ‘देश का प्रकृति परीक्षण’ या अभियानात २०२४ च्या अखेरीपासून एक कोटीहून अधिक नागरिकांचे प्रकृतिपरीक्षण मोबाईल ॲपच्या साहाय्याने झाले. आपल्यापैकी अनेकांनी आणि आपल्या विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला. यापुढील काळ अशाच नोंदींचा आहे. वहीतील चुकीचा परिणाम एका गावापुरता मर्यादित राही. संगणकातील यादी एका क्षणात कोठेही पोहोचते. म्हणून चांगल्या सवयी आताच लावून घेतल्या पाहिजेत.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, क्रमांक नसेल तर रुग्णाचा पाठपुरावा कसा करावा? पाठपुरावा अवश्य करावा; पण तो वैद्याने करावा, औषध विक्रेत्याच्या प्रतिनिधीने नव्हे. रुग्णाने क्रमांक दिला तो उपचारासाठी दिला, हे विसरू नये. दुसरा आक्षेप संशोधनाचा. आयुर्वेदाला आकडेवारीची नितांत गरज आहे हे आम्हासही मान्य आहे. परंतु दोनशे रुग्णांपैकी किती जणांत कोणती प्रकृती आढळली, हे सांगण्यासाठी त्यांची नावे लागत नाहीत. तिसरा आक्षेप खर्चाचा: प्रायोजकाला यादी दिली नाही तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तरही सरळ द्यावे लागते. जो प्रायोजक केवळ यादीसाठी येतो, त्याच्या पैशाने भरलेले शिबिर मोफत नसते. त्याची किंमत रुग्ण न कळत चुकवीत असतो. अशा वेळी अस्थिघनतेचे यंत्र नसलेले लहान शिबिर भरवावे, हे अधिक श्रेयस्कर.

औषधालये व फार्मसी चालविणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द. ॲलोपॅथीच्या दुकानदारास अनुसूची एच-१ मधील औषधांसाठी रुग्णाचे नाव नोंदवून ती नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस मात्र स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे गिऱ्हाईकाचे नाव व क्रमांक लिहून घेण्याची सक्ती तुमच्यावर बहुधा कोणी केलेली नसते. ती नोंद आपण व्यापाराच्या सोयीसाठी घेतो. सोयीसाठी घेतलेली वस्तू परक्याच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, हे मनाशी पक्के असावे.

आपल्या संघटनेपुरते काही नियम तत्काळ करता येतील. शिबिरात दोन वह्या असाव्यात: एकीत अनुक्रमांक, नाव व संपर्क; दुसरीत केवळ अनुक्रमांक व तपासणीचे निष्कर्ष. पहिली वही शिबिरप्रमुख वैद्यांच्या ताब्यात कुलुपात राहावी. आधार क्रमांक मागू नये. त्याची गरज नसते. प्रवेशद्वारी मोठ्या अक्षरांत असा फलक लावावा: ‘आपली माहिती केवळ आपल्या उपचारासाठी घेतली जाते. ती कोणासही दिली जाणार नाही. क्रमांक न दिल्यासही तपासणी होईल.’ निष्कर्ष रुग्णाच्या हाती बंद पाकिटात द्यावा. प्रायोजकास एकूण संख्या कळवावी, याद्या देऊ नयेत. आणि ही अट शिबिरापूर्वीच त्याच्याशी लेखी ठरवावी. नोंदी किती काळ ठेवायच्या हे आधी ठरवून, तो काळ संपल्यावर त्या फाडून नष्ट कराव्यात. रद्दीत घालू नयेत. आपल्या त्रैमासिकात प्रसिद्ध होणाऱ्या रुग्णानुभवांतही नाव, गाव व छायाचित्र लेखी संमतीवाचून छापले जाऊ नये, अशी संपादक मंडळास विनंती आहे. लहान गावाचे नाव, वय आणि व्यवसाय एवढे दिले तरी रुग्ण ओळखता येतो, हे लेखकांनीही ध्यानात ठेवावे.

यातील एकाही नियमास विशेष खर्च नाही. लागते ती थोडी शिस्त, आणि प्रायोजकाला नाही म्हणण्याचे धैर्य. आगामी वार्षिक सभेत हे नियम ठरावाच्या रूपाने मांडले जावेत आणि जिल्हा शाखांनी पुढील शिबिरापासूनच ते अमलात आणावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. रुग्ण आपल्यापुढे जीभ दाखवितो, नाडी धरू देतो आणि घरच्यांनाही न सांगितलेले सांगतो, ते आपल्यावरील विश्वासामुळे. नोंदवही त्या विश्वासाची ठेव आहे. ठेव सांभाळणारा तिचा मालक होत नाही.