बिनधुराच्या धंद्याचा धूर

पर्यटन हा बिनधुराचा धंदा होय, असे एक वचन सरकारी पत्रकांतून आणि हॉटेलवाल्यांच्या जाहिरातींतून वारंवार कानी पडते. त्याची परीक्षा करण्यास इगतपुरीइतके सोयीचे गाव दुसरे नाही. १८६५ साली लोहमार्ग थळघाट चढून वर आला, तेव्हापासून पासष्ट वर्षे या गावाने इंजिनांचा धूर गिळला. १९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली व तो लोट मावळला. परंतु धूर दिसेनासा होणे निराळे आणि नाहीसा होणे निराळे. पर्यटनाचे सारे समर्थन या भेदाकडे डोळेझाक करूनच उभे आहे.

५ जून २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक पर्यावरणदिनी, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा खुला झाला. मुहूर्त काढणाराच्या विनोदबुद्धीस दाद दिली पाहिजे! मोटारींसाठी डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा निघाला. मुंबईची लोकल मात्र आजही कसाऱ्यासच थांबते. पुढचा घाट सोळाएक किलोमीटरांचा. तेथे ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे, हे खरे. पण ज्यांनी डोंगर पोखरला त्यांना ही अडचण सांगणे शोभत नाही.

मोटारीचे तेल निदान देशाच्या खातेवहीत चढते. विमानाचे तसेही नाही. देशांतर्गत उड्डाणांचा कर्बवायू राष्ट्रीय बेरजेत धरतात. मुंबईहून लंडनास निघालेल्या विमानाचा मात्र बेरजेबाहेर, निराळा नोंदतात. १९९७ च्या क्योटो कराराने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय विमान-संघटनेच्या गळ्यात घातला आणि राष्ट्रे मोकळी झाली. घरखर्चाची वही चोख, दागिने मात्र शेजाऱ्याच्या नावे! २०७० पर्यंत ही बेरीज शून्यावर आणण्याचे वचन भारताने २०२१ साली ग्लासगो येथे दिले. परंतु ज्या वहीत एक पान शिवलेलेच नाही, तिच्या शून्यावर विश्वास कोणी ठेवावा? प्रवास, निवास, खानपान, खरेदी असे सारे धरून जगाच्या उष्णतावर्धक वायूंपैकी सुमारे ८ टक्के पर्यटनाचे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. बिनधुराचा धंदा तो हाच!

यावर कोणी म्हणतील, भारतीयाचा दरडोई वाटा अल्प आहे. आहेच, पण तो अल्प ठेवला आहे कोणी? इगतपुरी तालुक्यात डोक्यावरून मोळी वाहणाऱ्या ठाकर स्त्रीने. तिच्या काटकसरीच्या आडोशाने आम्ही सुट्टीला सिंगापुरास जावे, यासारखा अप्रामाणिकपणा नाही. दुसरे म्हणतील, विजेच्या गाडीसाठीही कोठे तरी कोळसा जळतोच. जळतो, परंतु तो शेकडो उतारूंत वाटला जातो.

परदेशी मुलाबाळांना भेटण्यास जाणाऱ्या आईबापांना आम्ही दोष देत नाही. तसे आईबाप आमच्याही घरी आहेत. गरज आणि हौस यांत भेद करावा, एवढेच मागणे आहे. परदेशी उड्डाणांचा कर्ब देशाच्या बेरजेत धरावा, हौसेच्या उड्डाणावर कर बसवावा, आणि त्या पैशातून लोकल इगतपुरीपर्यंत न्यावी. तोवर पर्यटनास धंदा खुशाल म्हणावे. बिनधुराचा मात्र म्हणू नये.