‘गाडी तिकडे लागते’ असे कोणी सांगितले तर? स्वारगेटवरून प्रवास करताना फसवणूक कशी टाळाल?

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट एसटी स्थानकात एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. पोलिसांत दाखल फिर्यादीनुसार, एका अनोळखी माणसाने ‘ताई’ म्हणत तिची विचारपूस केली. गाडी दुसरीकडे लागली आहे, असे सांगून त्याने तिला आवारातल्या रिकाम्या शिवशाही बसकडे नेले आणि तिच्यावर बलात्कार केला. या घटनेनंतर राज्यभरातल्या एसटी स्थानकांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला.

हा गुन्हा पैशांच्या फसवणुकीपेक्षा कितीतरी गंभीर आहे आणि त्यात विश्वास ठेवणाऱ्या प्रवाशाचा काहीच दोष नाही. पण त्याची सुरुवात एका खोट्या माहितीने झाली. गाडी कुठे लागणार, किती वाजता सुटणार हे नक्की कळत नसेल, तर खात्रीने बोलणाऱ्याच्या मागे माणूस जातो. तिकीट, भाडे, बुकिंग यांतली फसवणूकही अशीच होते.

‘एसटी फुल्ल आहे’

दिवाळी, गणपती किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांत एसटीत जागा नाही, असे सांगून खासगी ट्रॅव्हल्सचे तिकीट माथी मारले जाऊ शकते. सांगितलेली गाडी आणि प्रत्यक्ष येणारी गाडी एकच असेल याची खात्री नसते. म्हणून आधी चौकशी खिडकीवर किंवा वाहतूक नियंत्रकाकडे विचारावे. खासगी गाडीनेच जायचे असेल, तर गाडीचा प्रकार, सुटण्याची जागा, वेळ आणि भरलेली रक्कम लिहिलेले तिकीट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खासगी बस किती भाडे घेऊ शकते?

२७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार, त्याच प्रकारच्या एसटी बसच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही. म्हणजे एसटीचे भाडे ६०० रुपये असेल, तर तेवढ्याच अंतराला आणि तशाच गाडीला कमाल ९०० रुपये. जास्त घेतल्यास आरटीओकडे तक्रार करता येते, मात्र त्यासाठी तिकीट हाताशी हवे.

आणखी एक हिशेब विसरू नये. राज्यात एसटी प्रवासात महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. खोट्या ‘फुल्ल’ला भुलून खासगी गाडीत बसणाऱ्याची ही सवलतही जाते.

घरातून निघण्याआधीच

मोबाइलवर हीच युक्ती वेगळ्या रूपात येते. चारधाम यात्रेची हेलिकॉप्टर सेवा, देवस्थानांचे भक्तनिवास, हॉटेल, टॅक्सी यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरील जाहिराती चालवल्या जातात, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. केदारनाथ हेलिकॉप्टरचे अधिकृत बुकिंग आयआरसीटीसीच्या ‘हेलीयात्रा’ संकेतस्थळावर होते.

शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा जाहिरातही असू शकतो. ‘कस्टमर केअर’चा नंबर तिथून न घेता तिकिटावरून किंवा अधिकृत ॲपवरून घ्यावा. आणि परतावा मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

पैसे गेलेच तर?

लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती रक्कम गोठवता येण्याची शक्यता वाढते.

प्रवाशाने सावध राहावे, हे खरे. पण पहाटे साडेपाचला चौकशी खिडकीत माणूस असेल, फलाटावर गाडीचे नाव दिसेल आणि वेळेवर घोषणा होईल, तर अनोळखी माणसाला विचारण्याची वेळच कमी येईल. ती जबाबदारी प्रवाशाची नाही, स्थानक चालवणाऱ्यांची आहे.